‘रक्कम पूर्ण मिळाली’

मोहाडीच्या तहसील कार्यालयासमोर, टिनाच्या शेडमध्ये, मी बावीस वर्षं टाइप करत बसले. या बावीस वर्षांत किती वाक्यं लिहिली त्याचा हिशेब नाही, पण त्यातलं एकही माझं नव्हतं. माणूस समोरच्या स्टुलावर बसायचा, आपल्या भाषेत चिडायचा, कधी रडायचा, आणि मी त्याचं म्हणणं कागदाच्या भाषेत बसवायची. “माह्या भावानं धुरा कोरला जी,” असं तो म्हणायचा आणि मी लिहायची, “सामनेवाल्यांनी अर्जदाराच्या शेताच्या बांधावर अतिक्रमण केले आहे.” वाचून दाखवलं की माणूस खूश व्हायचा. आपलं भांडण एकदम वजनदार झालं असं त्याला वाटायचं.

आमचं घर विणकरांचं. सासरे आणि नवरा दोघेही मागावर बसायचे. साड्यांना मागणी कमी होत गेली तशी मी भंडाऱ्याला जाऊन टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि एक जुनं मशीन विकत घेऊन शेडमध्ये जागा धरली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. शेडमध्ये बसणारी मी पहिली बाई. सुरुवातीला पुरुष गिऱ्हाईक माझ्यासमोरून जाऊन बाजूच्या वामनरावांकडे बसत. बाया मात्र माझ्याकडे येत. सासूसमोर बोलता न येणाऱ्या गोष्टी त्या मला सांगत आणि मी त्या कागदावर आणताना अर्ध्या गाळत असे, कारण तहसीलदाराला त्यांचा उपयोग नसे. पुढे पुढे पुरुषही यायला लागले. ‘टायपिंगवाल्या ताई’ हे माझं नाव झालं. घरच्या सुमन या नावानं हाक मारणारे बोटावर मोजण्याइतके उरले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टायपिस्टचं काम म्हणजे बोटांचं काम. बोटं महिनाभरात शिकतात. खरं काम असतं ते साचे पाठ करण्याचं. उत्पन्नाच्या दाखल्याचा साचा वेगळा, वाटणीपत्राचा वेगळा, हरवलेल्या मार्कशीटच्या प्रतिज्ञापत्राचा वेगळा. प्रत्येकात काही वाक्यं ठरलेली असतात. ती वर्षानुवर्षं चालत आलेली असतात आणि ती का आहेत हे कोणी विचारत नाही. कॉम्प्युटर आल्यावर तर ती टाइपही करावी लागेनात. फाइल उघडायची, नाव, गाव, वय बदलायचं, प्रिंट काढायची.

जुन्या गाडीच्या विक्रीचा कागद हा असाच एक साचा. गाडीचा नंबर, इंजिन नंबर, किंमत, आजपर्यंतचा दंड विकणाऱ्याचा, यापुढचा घेणाऱ्याचा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: “विक्रीची रक्कम पूर्ण मिळाली असून आता काही घेणे बाकी नाही.” खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार, आणि कोपऱ्यात ‘टंकलेखक’ म्हणून माझा शिक्का. शिवाय आरटीओचे दोन फॉर्म असतात, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे. त्यावर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. या तिन्ही कागदांवर सही करून किल्ली हातात दिली, की गाडी गेली असं समजायचं.

या कागदाची मला कधी भीती वाटली नाही, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही ओळखीच्या मुलखातले असत. एक शाळामास्तर आठवतात. त्यांनी आपली स्कूटर विकताना मला मुद्दाम एक ओळ वाढवायला लावली: “सदर वाहन सकाळी पहिल्या किकला सुरू होत नाही, दुसऱ्या किकला होते, ही बाब खरेदीदारास समजावून सांगितली आहे.” घेणारा म्हणाला, “गुरुजी, मी तुमच्याच शाळेत शिकलो, मले माहीत हाय नं.” तरी मास्तरांनी ती ओळ ठेवलीच. पैसे समोर मोजले, चहा झाला, दोघे त्याच स्कूटरवर बसून गेले.

मग मोबाइलवर जुन्या वस्तू विकायच्या साइट आल्या. आधी फ्रीज, पलंग, मग गाड्या. फोटो टाकला की दोन तासांत रायपूरहून, नागपूरहून फोन. घरचे लोक खूश, कारण गावातलं गिऱ्हाईक अर्धी किंमत सांगायचं आणि बाहेरचं नीट भाव करायचं. शेडमध्ये अनोळखी चेहरे दिसू लागले. आम्हा टायपिस्टांचा धंदा वाढला, तेव्हा तक्रार कोण करणार?

कमल सिस्टर माझ्याकडे आल्या त्या अशाच एका शनिवारी.

कमल सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात आयुष्य काढलेली नर्स. माझ्या दोन्ही मुलांना पहिली सुई तिनं टोचलेली. वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, पण मैत्रीण म्हणावी अशी. तोंडावर मी तिला ‘तुमी’च म्हणायची, मनात मात्र ‘ती’. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला नोकरीत, आणि मुलीची मुलगी प्रिया तिच्याजवळ शिकायला. निवृत्त झाल्यावर सिस्टरनं मिळालेल्या पैशातून एक लहान पांढरी गाडी घेतली आणि साठीला आलेली ही बाई गाडी चालवायला शिकली. मोहाडीच्या बाजारातून ती गाडी घेऊन जायची तेव्हा भाजीवाल्या बाया उठून पाहत. बाजूच्या खेड्यातली एखादी अवघडलेली बाई असली, की रात्र-दिवस न पाहता सिस्टर गाडी काढायची. मग डोळ्यांचा आजार निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर आहे तेवढी टिकवू, पण गाडी बंद. त्याच वेळी प्रियाला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची होती. मुलानं पुण्याहून गाडीचे फोटो साइटवर टाकले.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. चाळिशीचा माणूस, नीट भांग, इस्त्रीचा शर्ट. भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ रस्त्याच्या कामावर ठेकेदार आहे म्हणून सांगितलं. आडनाव त्यानं जे सांगितलं ते खोटंच होतं, तेव्हा इथं लिहून काय उपयोग? आम्ही पुढे त्याला ‘तो ठेकेदार’च म्हणत राहिलो. त्यानं सिस्टरच्या घरी गाडी पाहिली, एक चक्कर मारली आणि सांगितलेली एक लाख साठ हजार किंमत मान्य केली. एक रुपयाही कमी करा म्हणाला नाही. आता मी कोणालाही सांगते की जुनी गाडी घेणारा घासाघीस करत नसेल, तर आधी त्याच्याकडे नीट पाहा. तेव्हा मला तो मोठ्या मनाचा वाटला.

चौथा शनिवार होता, बँका बंद. दुपारी तीनच्या सुमारास दोघं माझ्या टेबलाशी आले. मी साचा उघडला. नावं भरली, ओळखपत्राची झेरॉक्स घेतली. किमतीशी आल्यावर विचारलं, “पैसे कसे देणार?”

“डीडी आहे, मॅडम,” असं म्हणून त्यानं प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढून ठेवला.

डीडी म्हणजे बँकेनंच काढून दिलेला चेक. पैसे आधी भरल्याशिवाय बँक तो देत नाही, म्हणून लोक डीडीला रोखीसारखं मानतात. साध्या चेकवर आम्ही “चेक वटल्यानंतर” असे शब्द टाकायचो, डीडीवर टाकत नव्हतो. कागद गुळगुळीत होता, शिक्का, सह्या, सगळं जागच्या जागी. फक्त रक्कम एक लाख ऐंशी हजार होती.

सिस्टर म्हणाली, “वीस हजार जास्त हायेत जी.”

“हो ना, आई,” तो हसला. “आमच्या ऑफिसच्या पोरानं ट्रकवाल्याचे पैसे पण यातच धरले. वरचे वीस मला रोख द्या, म्हणजे त्याचं भागेल.”

“एवढे तर घरी नसतीन.”

“असतील तेवढे द्या.”

सिस्टर घरी गेली आणि चौदाच निघाले म्हणत चौदा हजार घेऊन आली. त्यानं ते मोजलेही नाहीत. “राहू द्या, आई. बाकीचे सहा तुमच्या नातीच्या पुस्तकांना.” सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हे सगळं समोर बसून पाहिलं. तो एवढा भला निघाला, मग आता डीडी बँकेत दाखवून मगच कागद करू, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मला आतून एकदा वाटलं होतं. बोट थांबलं होतं. मी विचारलंही, “सिस्टर, रक्कम मिळाली असं लिहू ना?”

“लिही नं. मिळालीच नं आता.”

“डीडी म्हणजे रोखच, मॅडम,” तो म्हणाला आणि चहावाल्याला तीन चहा सांगितले.

वाक्य साच्यात होतंच. मी प्रिंट दिली. सह्या झाल्या, मी शिक्का मारला. फॉर्मवरच्या सह्याही त्यानं घेतल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवली, “आरटीओत भरतो” म्हणाला. गाडी तहसीलच्या फाटकासमोरून गेली तेव्हा सिस्टर बराच वेळ त्या दिशेनं पाहत उभी होती.

सोमवारी तिनं डीडी आपल्या खात्यात भरला. बँकेनं स्लिपवर शिक्का मारून दिला. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच असतो की कागद आमच्याकडे आला, पैसे आले असा नसतो. हे मला, रोज शिक्के मारणाऱ्या बाईलाही, तेव्हा ठाऊक नव्हतं. बुधवारी बँकेतून फोन आला. डीडीवर ज्या शाखेचं नाव होतं, तिथं त्याचा नंबर पाचशे रुपयांच्या कुठल्यातरी परीक्षा फीचा होता, दुसऱ्याच कोणाच्या नावावर. आमच्याजवळ होता तो त्यावरून बनवलेला खोटा कागद.

ठेकेदाराला फोन केला तर नंबर बंद. शहापूरच्या कामावर विचारलं, तर त्या नावाचा कोणी नाही. ओळखपत्रावरचा नागपूरचा पत्ता खरा होता, पण तिथं दुसरंच कुटुंब राहत होतं.

सिस्टर मला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. कोणत्या ठाण्यात ते महत्त्वाचं नाही. तिथल्या साहेबांचं वागणंही काही वाईट नव्हतं. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विक्रीचा कागद वाचायला घेतला. वाचता वाचता ते शेवटच्या ओळीवर थांबले.

“सिस्टर, यात तर रक्कम पूर्ण मिळाली लिहिलंय. खाली सही तुमची. उद्या तो कोर्टात म्हणेल की डीडीचं मला माहीत नाही, मी तर रोख दिले होते. मग?”

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, “साहेब, ते वाक्य मी लिहिलं.”

“तुमच्यासमोर पैसे दिले होते का?”

“नाही. डीडी होता फक्त.”

“मग मिळाली असं का लिहिलं?”

साचा तसा आहे, हे उत्तर तोंडावर आलं होतं, पण ते सांगायची लाज वाटली. साहेब म्हणाले, असा जबाब लेखी देणार असाल तर केस उभी राहील. पण विचार करून द्या.

दुसऱ्या दिवशी मी वामनरावांना विचारलं. ते शेडमधले सगळ्यात जुने. त्यांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, “ताई, कायले पाय अडकवून घेता? आपण सांगेल ते लिहिणारे लोक. तुमी एकदा म्हटलं का मी न पाहता लिहिलं, तर उद्या तुमच्या कोणत्याच कागदाले किंमत राहणार नाही. तहसीलमधून जागा जाईन ते वेगळंच.”

ते चुकीचं बोलत नव्हते. माझ्या घरी तेव्हा माग बंद पडलेला, धाकटा शिकत असलेला. मी दोन दिवस काढले. नवऱ्याला सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, “तू नाही बोलली तर सिस्टर खोटी पडते, असं हाय नं? मग विचार कायचा करून राहिली?” तिसऱ्या दिवशी मी जाऊन जबाब दिला. माझ्या समोर सिस्टरला डीडीखेरीज कोणतीही रक्कम दिली गेली नाही आणि ‘रक्कम पूर्ण मिळाली’ हे वाक्य मी नेहमीच्या पद्धतीनं, खात्री न करता लिहिलं, असं त्यात होतं. दुसऱ्याचं म्हणणं कागदावर आणणारी मी, माझं म्हणणं दुसरा कोणी लिहीत होता. त्यानं वाचून दाखवलं आणि मी सही केली.

गोष्ट शेडमध्ये पसरायला वेळ लागला नाही. जागा गेली नाही, पण काही गिऱ्हाइकं गेली. “ताई पोलिसात जाते,” असं एकजण माझ्या पाठीमागे म्हणाला. आणि सिस्टर माझ्या टेबलाशी यायची बंद झाली. डोळ्यांमुळे ती घराबाहेर कमी पडत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. प्रियाचा त्या वर्षीचा प्रवेश गेला. ती तुमसरच्या एका औषधाच्या दुकानात कामाला लागली.

त्यानंतर मी ती ओळ साच्यातून काढून टाकली. गाडीचा कागद करायला कोणी आलं की आधी विचारायची, पैसे कसे आले, कुठे आले, कोणी पाहिले. चेक किंवा डीडी असेल तर सांगायची, बँक उघडी असेल त्या दिवशी या. ज्या शाखेनं काढला तिथं फोन करा, पण कागदावर छापलेल्या नंबरवर नाही, तो नंबरही त्याचाच असू शकतो. जवळ असेल तर त्या शाखेतच दोघांनी जा आणि समोर डीडी काढून घ्या. पैसे जमा झाल्याचा मेसेज दाखवला तरी आपल्या बँकेच्या खिडकीवर जाऊन विचारा की हे पैसे मला आज काढता येतात का? ‘हो’ म्हटलं की मगच किल्ली. आणि किमतीपेक्षा जास्त रक्कम देऊन वरचे परत मागणारा आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

हे सगळ्यांना आवडत नसे. शहापूरचा एक म्हातारा शेतकरी जावयासाठी गाडी घ्यायला आला होता. धान विकल्याचा खरा चेक होता त्याच्याजवळ, तोच पुढे करत होता. मी म्हटलं, आधी तुमच्या खात्यात वटू द्या, मग कागद करू. तो उठून उभा राहिला. “साठ वर्षं झाले, माह्यावर कोणी असा शक नाही घेतला. तुमी मले चोर समजता काय, बाई?” मी समजावलं, पण तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. त्यानं दुसरीकडे गाडी घेतली. विकणारा आमच्याच गल्लीतला. त्याचं गिऱ्हाईक गेलं म्हणून तो माझ्याशी आजही नीट बोलत नाही. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला आठवतो. खोट्या माणसानं माझ्याकडून जे नेलं त्याची भरपाई मी एका खऱ्या माणसाकडून मागितली, असं त्या दिवशी वाटलं. तरीही पुन्हा तो आला असता तर मी तेच सांगितलं असतं. याचं काय करावं ते मला अजून समजलेलं नाही.

पाचेक महिन्यांनी सिस्टरची गाडी सापडली. पवनीला.

चोरानं ठेवली नव्हती. त्यानं ती तिसऱ्याच दिवशी विकली होती, पुन्हा साइटवर फोटो टाकून. घेणारा होता रामदास पराते नावाचा पवनीचा माणूस. घरचा माग, आणि भावाभावांनी मिळून लुगडी, पंचे आजूबाजूच्या बाजारात नेऊन विकायचे. मोटारसायकलवर गठ्ठे बांधून कंबर गेली होती, म्हणून त्यानं जुनी गाडी घेतली. एक लाख दहा हजार, रोख. पोलिसांनी गाडी त्याच्या दारातून उचलली आणि ठाण्याच्या आवारात आणून लावली.

तो मला शोधत शेडमध्ये आला. हातात माझ्याच कागदाची झेरॉक्स.

“हा शिक्का तुमचा हाय का?”

मी कागद पाहिला. “माझाच हाय.”

“मी अडाणी नाही, ताई. दहावी शिकलो. गाडी घ्यायच्या आधी दोनदा वाचला कागद. बाईनं विकली, पैसे पूर्ण मिळाले, काही घेणं बाकी नाही. खाली तहसीलसमोरचा शिक्का. म्हटलं, मामला साफ हाय. तुमचा शिक्का नसता तर मी पैसे दिले नसते.” त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “मले फक्त एवढंच सांगा, तुमी खरं लिहिलं होतं का खोटं?”

शेडमधले सगळे माझ्याकडे पाहत होते. वामनरावांनी मान खाली घातली होती. मी म्हणाले, “खोटं लिहिलं. मले माहीत नव्हतं, पण खोटंच होतं.”

तो स्टुलावर बसला. म्हणाला, “पाणी हाय काय जी?”

मी त्याला पाणी दिलं आणि शेड वामनरावांवर सोडून त्याला सिस्टरच्या घरी घेऊन गेले. का नेलं ते मलाही सांगता येणार नाही. दोघांचे पैसे एकाच गाडीत अडकले होते आणि दोघांचाही दोष नव्हता. त्यांनी एकमेकांचं तोंड पाहावं असं वाटलं असेल.

सिस्टरनं दार उघडलं. मला पाहून तिचा चेहरा बदलला नाही. परातेची सगळी हकिकत तिनं ऐकून घेतली. मधेच एकदा विचारलं, “गाडी चालते का बरी?” तो म्हणाला, “चालते जी. क्लच बदलवला मी. सीटचं कापड घरी विणून लावलं.” सिस्टर काहीतरी पुटपुटली आणि चहा ठेवायला आत गेली.

गाडी अजून कागदोपत्री सिस्टरच्याच नावावर होती, कारण आरटीओत नाव बदललं नव्हतं. कोर्टानं ती तिच्या ताब्यात द्यायचं ठरवलं. वकील म्हणाला, तुमची गाडी तुम्हाला मिळाली, त्या माणसाचं तो पाहील. मुलगाही फोनवर हेच म्हणत होता. मी त्या दिवशी तिच्या घरी सह्यांचे कागद घेऊन गेले होते, फोन तिनं स्पीकरवर लावला होता.

“आई, त्यानं पावती न पाहता गाडी घेतली, त्यात आपली काय चूक?”

“पावती पाहूनच घेतली नं त्यानं. मी जसा कागद पाहिला तसाच त्यानं बी पाहिला.”

“म्हणून तू नुकसान सोसणार?”

“मी एकटी नाही सोसत. दोघं सोसू.” फोन ठेवून ती म्हणाली, “पुण्याले बसून बोलणं सोपं असते.”

गाडी विकायला कोर्टाची परवानगी यायला आणखी बरेच महिने गेले. मग सिस्टरनं ती गाडी परातेलाच विकली, सत्तर हजारांत. त्याला ती एक लाख ऐंशीला पडली आणि हिला हातात आले ते जुन्या किमतीच्या निम्म्याहून कमी. व्यवहार भंडाऱ्याच्या बँकेत झाला. परातेनं खिडकीवर पैसे भरले, सिस्टरच्या खात्यात गेले, प्रियानं पासबुक छापून घेतलं आणि आकडा आजीला वाचून दाखवला. मी बाकावर बसले होते. कागद तयार करून नेला होता, पण किमतीखालची जागा कोरी ठेवली होती. पासबुक पाहून तिथं हातानं लिहिलं, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, किती वाजता. परातेनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सही केली. जाताना तो मला म्हणाला, “आता शिक्का मारा, ताई.” मी मारला.

तो ठेकेदार मात्र सापडला नाही. त्याच नावानं नाही आणि दुसऱ्या नावानंही नाही.

प्रिया त्याच वर्षी नर्सिंगला गेली, नागपूरऐवजी भंडाऱ्याला. आता ती नोकरीला आहे. मी टेबल बंद केलं त्याला काही वर्षं झाली. मानेनं साथ सोडली, आणि तसंही लोक मोबाइलवरच अर्ज भरायला लागले. दुपारी मी सिस्टरकडे जाते. तिची नजर आता अगदी थोडी उरली आहे. मी तिला पेपर वाचून दाखवते, मरणाच्या बातम्या आधी, मग राजकारण, मग भाव. मधल्या पानावर फसवणुकीची एक तरी बातमी असतेच. आता डीडी राहिले नाहीत, फोनवरचा कोड स्कॅन करायला लावतात, पैसे येतील म्हणतात आणि जातात.

मागच्या महिन्यात अशीच एक बातमी वाचून झाल्यावर मी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

“सिस्टर, तेव्हा माझ्यावर राग आलता काय तुमाले?”

तिला आठवायलाही वेळ लागला नाही. “आलता नं. लय आलता. चार-पाच महिने तुझ्या शेडसमोरून गेली नाही मी. बाजाराले जायचं असलं तर मागच्या गल्लीनं फिरून जात होती. तुले माहीत नाही?”

“मले वाटलं, डोळ्यांमुळे.”

“डोळ्याले काय झालतं तेव्हा? चालण्यापुरतं चांगलं दिसत होतं.”

मी विचारलं, “जबाब दिला तेव्हा गेला काय राग?”

“नाही. म्हटलं, आता देऊन काय फायदा. पराते आला नं, अन् तू त्याले म्हटलं का मी खोटं लिहिलं, ते त्यानं मले सांगितलं. त्या दिवशी थोडा गेला.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. “सगळा नाही गेला, सुमन. थोडा हाय अजून.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण तिनं हे इतक्या सरळ सांगितलं, की छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. ‘नाही गं, कधीच विसरले’ असं ती म्हणाली असती, तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

“मग मले रोज बोलावता काहून?”

“राग हाय म्हणून का एकटीनं बसू मी?” ती म्हणाली. “वाच पुढचं. धानाचा भाव काय देला हाय, ते पाय.”

मी पान उलटलं आणि भाव वाचायला लागले.